नव्या घरातल्या हवेची वाट

पहिल्या मजल्याचा स्लॅब ओतायला नऊ दिवस उरले असताना साइटवरच्या इंजिनिअरांनी फोन करून विचारले, "मॅडम, हवेच्या पाइपांचे स्लीव्ह कुठे सोडायचे?" स्लीव्ह म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी पाइपासाठी मोकळी ठेवलेली भोके. तोपर्यंत माझ्याजवळ वायुवीजनाच्या यंत्रांची सतरा माहितीपत्रके जमली होती, प्रत्येकाचे गुणदोष एका वहीत लिहून झाले होते, आणि तरीही या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कोणते यंत्र घ्यावे याचा विचार मी दीड महिना करत होते; हवा घरात कुठून येणार, कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत सरकणार आणि कुठून बाहेर पडणार, याचा विचार मात्र एक दिवसही केला नव्हता. तो उरलेल्या नऊ दिवसांत करावा लागला. माझ्या मते ही निवड याच क्रमाने करायला हवी, म्हणजे आधी हवेची वाट, मग पाइप आणि सर्वांत शेवटी यंत्र. मी ती नेमकी उलटी सुरू केली होती.

आईचा प्रश्न इंजिनिअरांच्या प्रश्नाहून अवघड होता. "अगं, एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवल्या आहेस, मग हवेसाठी आणखी यंत्र कशाला?" खिडकीविषयी माझी काहीच तक्रार नाही. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असतील आणि बाहेर वारा असेल, तर खोलीतली सगळी हवा काही मिनिटांत बदलते, आणि तेवढे काम कोणत्याही घरगुती यंत्राच्या आवाक्यातले नाही. अडचण अशी आहे, की खिडकीतून किती हवा यावी हे वारा आणि आतबाहेरच्या तापमानातला फरक ठरवतो, आपण ठरवत नाही. आणि ज्या वेळी घरातली माणसे एकाच खोलीत सर्वांत जास्त तास असतात, त्या रात्रीच्या वेळी डास, धूळ, गोंगाट, थंडी किंवा एसी यांपैकी कशामुळे तरी खिडकी बंद असते. घरातले बहुतेक स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाहीत. खोलीतलीच हवा ते थंड करून पुन्हा खोलीत सोडतात. गार हवेला आपण ताजी हवा समजतो, एवढेच.

हे मला आधीच्या घरात कळले. तिथे कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक लहानसे उपकरण मी उशाशी ठेवले होते. रात्री अकराला दारखिडक्या लावताना त्यावर ६५० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६५० भाग) हा आकडा होता आणि सकाळी सहाला २,६००. बाहेरच्या हवेत हे प्रमाण सुमारे ४२० असते. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये राहत्या खोलीसाठी १,००० ही मर्यादा सुचवली होती, आणि तो आकडा आजही ढोबळ खूण म्हणून वापरला जातो. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी ठरतो असे त्यांचे म्हणणे नव्हते. माणसांच्या श्वासाने हवा किती वापरली गेली आहे हे त्यावरून ओळखता येते, हा त्यामागचा विचार होता. उठल्यावर डोके जड का असते, याचा दोष मी तोपर्यंत उशीला देत होते.

त्याच घरात बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवलेले कपाट हलवले तेव्हा त्याच्या पाठीवर हिरवट काळी बुरशी हाताच्या पंजाएवढ्या गोल चट्ट्यांत पसरलेली दिसली. न्हाणीघरात एक्झॉस्ट फॅन होता आणि तो रोज चालतही होता, पण गळतीच्या निमित्ताने फॉल्स सीलिंग उघडले तेव्हा समजले, की त्या पंख्याला पाइपच जोडलेला नव्हता. आंघोळीची सगळी वाफ तो वर्षानुवर्षे छताच्या पोकळीत सोडत होता. चार माणसांच्या घरात श्वास, आंघोळ, स्वयंपाक आणि आत वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला कित्येक लिटर पाणी हवेत जाते. ते वेळेवर बाहेर गेले नाही, तर घरातला सर्वांत थंड पृष्ठभाग ते शोधून काढते, आणि त्या पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही काळ राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही.

नवे घर या बाबतीत जुन्यापेक्षा सोपे असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते अधिक अवघड असते. काँक्रीट, प्लास्टर आणि फरशीखालचा थर यांत मिसळलेल्या पाण्याचा बराचसा भाग पुढचे कित्येक महिने हळूहळू बाहेर येत राहतो. प्लायवूड आणि त्याच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड सुटत राहते, आणि उष्णता व दमटपणा वाढला की त्याचे प्रमाणही वाढते. जुन्या घराच्या चौकटींतल्या ज्या फटींना आपण नावे ठेवत होतो, त्या फटी नकळत थोडेबहुत वायुवीजन करत होत्या, आणि नव्या घट्ट खिडक्यांनी नेमक्या त्याच बुजवलेल्या असतात.

मग किती हवा लागते? अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या अभियंत्यांच्या संस्थेचे ६२.२ क्रमांकाचे मानक यासाठी सोपे सूत्र देते: घराच्या चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाला ०.१५ ने गुणावे, झोपण्याच्या खोल्यांच्या संख्येत एक मिळवून तिला ३.५ ने गुणावे, आणि दोन्हींची बेरीज करावी. उत्तर दर सेकंदाला किती लिटर हवा हवी ते सांगते. आमचे घर १२० चौरस मीटरचे आणि झोपण्याच्या खोल्या तीन, म्हणून १८ अधिक १४, म्हणजे ३२ लिटर. ताशी हिशेब केला तर सुमारे ११५ घनमीटर. या गतीने संपूर्ण घराची हवा साधारण तीन तासांत एकदा बदलते, आणि आकडा वाचताना वाटते तितके हे प्रमाण मोठे नाही.

एकूण आकड्यापेक्षा त्याची वाटणी जास्त महत्त्वाची असते, आणि माहितीपत्रकात नेमकी तीच नसते. झोपलेली दोन मोठी माणसे मिळून तासाला सुमारे २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यांच्या खोलीत ताशी ५० घनमीटर बाहेरची हवा येत असेल, तर खोलीतले प्रमाण बाहेरच्यापेक्षा ५०० पीपीएमने वर जाऊन स्थिरावते, म्हणजे ९२० च्या आसपास. तीच हवा २५ घनमीटर असेल, तर आकडा १,४२० वर जातो. म्हणून आम्ही आमच्या खोलीला ५०, आईच्या खोलीला २५, मुलाच्या खोलीला २५ आणि उरलेले १५ बैठकीच्या खोलीला असे वाटप ठरवले. बैठकीला एवढेच पुरते, कारण झोपण्याच्या खोल्यांतून निघालेली हवा दारांखालून सरकत बैठकीतूनच पुढे जाते आणि न्हाणीघर व स्वच्छतागृह यांतून बाहेर ओढली जाते. स्वच्छ खोलीत आत, ओल्या खोलीतून बाहेर, अशी ही वाट आहे. ती खुली राहावी म्हणून प्रत्येक दाराखाली निदान १० मिलिमीटरची फट लागते. सुताराला ही फट म्हणजे आपल्या कामाचा अपमान वाटला. त्याने पहिली दोन दारे फरशीला जवळजवळ टेकतील अशी बसवली आणि ती पुन्हा उतरवून तासावी लागली.

वाट कागदावर उमटल्यावर पद्धतींकडे पाहणे सोपे गेले. सर्वांत साधी पद्धत म्हणजे ओल्या खोल्यांतून पंख्याने हवा सतत बाहेर काढायची आणि झोपण्याच्या खोल्यांच्या खिडक्यांवर बसवलेल्या लहान झरोक्यांतून ती आपोआप आत येऊ द्यायची. हवामान सौम्य असेल आणि बाहेरची हवा स्वच्छ असेल, तर मी डोळे झाकून हीच पद्धत सुचवीन. तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. तिचा दोष असा, की घरात हलका ऋणदाब तयार होतो, आणि आत गॅसचा गीझर किंवा शेकोटी असेल, तर धुराड्यातून वर जायचा धूर उलटा खोलीत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्यामुळे हा धोका किरकोळ समजू नये. जिथे जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू येतो तिथे तोही असा ओढला जातो. उलट बाजूची पद्धत, म्हणजे गाळलेली हवा पंख्याने आत ढकलायची आणि फटींतून बाहेर जाऊ द्यायची, ही धुळीच्या प्रदेशात उपयोगी पडते, पण थंड प्रदेशात घरातली दमट हवा अशी ढकलली जाताना भिंतींच्या पोकळीत जाऊन पाणी धरते.

तिसरी पद्धत दोन पंख्यांची, संतुलित: एक हवा आत आणतो, दुसरा तेवढीच बाहेर टाकतो, आणि दोन्ही प्रवाह एकमेकांत न मिसळता पातळ पडद्यांच्या एका गाभ्यातून जातात. अशा यंत्रांचे दोन प्रकार आहेत: एचआरव्हीच्या गाभ्यातून फक्त उष्णतेची देवाणघेवाण होते, ईआरव्हीच्या गाभ्यातून उष्णतेबरोबर बाष्पाचीही होते. आतबाहेर २० अंशांचा फरक असेल, तर आमच्या ११५ घनमीटर हवेबरोबर सुमारे ७६० वॅट उष्णता वाया जाते. ८० टक्के कार्यक्षमतेचा गाभा असेल तर १५० वॅट. चांगले यंत्र त्यासाठी पंख्यांवर पन्नासेक वॅट वीज खर्च करते. थंडीच्या प्रदेशात हा व्यवहार उघडच फायद्याचा आहे. जिथे बाहेरचे तापमान बहुतेक काळ आतल्यासारखेच असते, तिथे तो आतबट्ट्याचा ठरू शकतो, हे विकणारे सहसा सांगत नाहीत.

दमट महिन्यांचे गणित मला स्वतःला करून पाहावे लागले. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. २५ अंश आणि ५० टक्के असलेल्या हवेत साडेअकरा ग्रॅम. म्हणजे एसी लावलेल्या घरात बाहेरची हवा आणताना प्रत्येक घनमीटरमागे साडेबारा ग्रॅमच्या आसपास पाणी आत येते, आणि ताशी ११५ घनमीटरने दिवसाला जवळजवळ ३५ लिटर. दोन बादल्या भरून पाणी आपण रोज घरात ओततो आणि एसीकडून उपसून घेतो, असाच याचा अर्थ. बाष्पाची ६० टक्के देवाणघेवाण करणारा ईआरव्ही असेल, तर आत येणारे पाणी १४ लिटरवर येते. ते शून्यावर येत नाही. बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असताना कोणतेही वायुवीजन घर कोरडे करू शकत नाही. ते काम एसीचे किंवा आर्द्रता काढणाऱ्या वेगळ्या यंत्राचे असते. "आमच्या यंत्राने ओल जाते" असे मला तीन विक्रेत्यांनी सांगितले, आणि कोणत्या ऋतूत, असे विचारल्यावर तिघांनीही विषय बदलला.

आणखी एक गोष्ट तपासल्याखेरीज या महागड्या पद्धतीकडे वळू नये. घर फटींनी भरलेले असेल, तर हवा गाभ्यातून न जाता फटींतूनच ये-जा करते आणि परत मिळवायची उष्णता मिळत नाही. दारात मोठा पंखा बसवून, आतबाहेर ५० पास्कलचा दाबफरक ठेवून ही गळती मोजतात. १९९१ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटला पहिले पॅसिव्ह हाउस, म्हणजे अत्यल्प ऊर्जेत उबदार राहणारे घर, उभे राहिले. त्या पद्धतीच्या घरांना आज या चाचणीत ताशी ०.६ पट हवाबदलाच्या आत राहावे लागते. आमचे घर नंतर २.४ वर आले. या आकड्याला २० ने भागले की रोजच्या गळतीचा ढोबळ अंदाज येतो, म्हणजे ०.१२, आम्हांला हव्या असलेल्या हवेचा जेमतेम तिसरा हिस्सा. चाचणी घर बांधून झाल्यावर होते आणि निवड त्याआधी करावी लागते, त्यामुळे इथे थोडा जुगार असतोच. खिडक्यांच्या चौकटी आणि भिंती यांमधला सांधा नीट भरून घेण्याची खबरदारी तेवढी आपल्या हातात असते. काही महिने दमट आणि काही महिने थंड अशा आमच्या हवेसाठी आम्ही शेवटी ईआरव्ही घेतला.

आता पाइप. माझ्या अनुभवात यंत्राच्या निवडीइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त काळजी इथे घ्यायला हवी, कारण यंत्र दहा-पंधरा वर्षांनी बदलता येते आणि स्लॅबमधले भोक बदलता येत नाही. मुख्य पाइप १०० मिलिमीटरचा पुरेल असे कंत्राटदारांचे म्हणणे होते. तो तुळईखालून सहज जात होता. त्यातून ताशी ११५ घनमीटर हवा जाताना तिचा वेग सेकंदाला चार मीटरच्या वर जातो, तर १५० मिलिमीटरच्या पाइपात तो दोन मीटरच्या आत राहतो. तेवढीच हवा नेताना घर्षणाने होणारी दाबाची घट व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते, म्हणून बारीक पाइपात ती सुमारे साडेसातपट होते. ही घट भरून काढण्यासाठी पंखा जोरात फिरवावा लागतो, आणि पंख्याची वीज त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. विजेचे एक वेळ चालेल, पण आवाजाचे चालत नाही. रात्री बाराला छतातून येणारी बारीक शीळ कोणी आठवडाभराहून जास्त सहन करत नाही. यंत्र बंद केले जाते, आणि बंद यंत्राची कार्यक्षमता किती टक्के हा प्रश्नच उरत नाही. झोपण्याच्या खोलीत २५ डेसिबलच्या आत राहायचे असे आम्ही लेखी कळवले, १५० चा पाइप नेता यावा म्हणून ओसरीतले फॉल्स सीलिंग सहा सेंटिमीटर खाली घेतले, आणि यंत्रापासून निघणाऱ्या प्रत्येक वाटेवर आवाज शोषणारा नळकांड्याचा तुकडा बसवला. आवाज यंत्राइतकाच खोल्याखोल्यांमधूनही प्रवास करतो; दोन खोल्या एकाच सरळ पाइपवर असतील, तर एका खोलीतले बोलणे दुसरीत ऐकू येते.

हवा आत घेण्याचे तोंड बाहेर टाकण्याच्या तोंडापासून, वाहनांच्या जागेपासून आणि कचऱ्यापासून निदान तीन मीटर दूर असावे. फिल्टरच्या बाबतीत नुसते "उत्तम दर्जाचा" या शब्दांवर जाऊ नये. आयएसओ १६८९० या मानकानुसार त्यावर ईपीएम१ किंवा ईपीएम२.५ (म्हणजे एक किंवा अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) आणि त्यांतले किती अडतात याची टक्केवारी छापलेली असते, ती वाचावी. बारीक धूर आणि वाहनांची काजळी अडवायची असेल, तर ईपीएम१ ५० टक्के किंवा त्याहून वरचा फिल्टर घ्यावा, आणि त्याचा अडथळा धरूनच यंत्राची क्षमता ठरवावी. यंत्र घेतल्यावर जाड फिल्टर घातला, तर हवा कमी होणारच.

स्वयंपाकघराची चिमणी या सगळ्यापासून वेगळी ठेवली. तेलकट धूर ईआरव्हीच्या गाभ्यात गेला की तो गाभा गेलाच म्हणून समजावा. शिवाय चिमणी तासाला काही शे घनमीटर हवा ओढते, आणि तेवढी हवा आमच्या ११५ च्या व्यवस्थेतून येणे शक्य नाही. म्हणून चिमणी सुरू करताना शेजारची खिडकी उघडायची, असा नियम घरात केला आहे. आई तो कटाक्षाने पाळते, मी विसरते.

काम संपल्यावर बसवणाऱ्यांनी यंत्र सुरू करून दाखवले, हिरवा दिवा लागला आणि सगळे जायला निघाले. प्रत्येक झडपेवरची हवा मोजून द्यावी, असा आमच्या कागदपत्रांत उल्लेख होता, म्हणून त्यांना नाइलाजाने थांबावे लागले. आमच्या खोलीत ५० च्या जागी २१ घनमीटर भरले. पुन्हा मोजले, २२. यंत्राचा वेग वाढवायचा प्रस्ताव लगेच आला. त्यांच्यातला सर्वांत तरुण मुलगा मात्र काही न बोलता शिडी घेऊन वर गेला, टॉर्च पेटवून छताच्या पोकळीत डोके घातले आणि तिथूनच म्हणाला, "इथं पाइप लटकलाय." झडपेला जोडलेल्या लवचीक पाइपाचा जवळपास मीटरभर जास्तीचा तुकडा कापायचा कंटाळा करून कोणीतरी तसाच कोंबला होता, आणि विजेच्या वायरींच्या वजनाने त्याला मधोमध घडी पडली होती. तो कापला, ताणून बांधला, आणि आकडा ४७ वर गेला. वेग वाढवला असता, तर ती घडी तिथेच राहिली असती आणि आम्ही तिचा आवाज वर्षानुवर्षे ऐकला असता. पुढचा दीड तास सगळ्या झडपा थोड्याथोड्या फिरवून आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा जुळवण्यात गेला, आणि त्यांचे आकडे मी पेन्सिलीने यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले.

आता उशाजवळच्या त्याच उपकरणावर सकाळी ९०० ते ९६० च्या दरम्यान आकडा दिसतो. पहिले वर्षभर भिंती वाळेपर्यंत यंत्र एक पायरी वरच्या वेगावर ठेवले आहे. आईने पहिल्या आठवड्यात तिच्या खोलीतल्या झडपेत वर्तमानपत्राची घडी खुपसली होती, कारण हवा थेट मानेवर येत होती. झडप पलंगाच्या डोक्यावर न ठेवता दाराच्या विरुद्ध कोपऱ्यात ठेवायला हवी होती, हे स्लीव्ह सोडताना मला सुचले नाही. हवेचा झोत छतालगत वळवणारी दुसरी तबकडी बसवल्यावर ती घडी निघाली. एक चूक अजून तशीच आहे: फिल्टर काढायचे झाकण मी माळ्यावरच्या ट्रंकांच्या मागे येऊ दिले, त्यामुळे दर तीन महिन्यांनी दोन ट्रंका खाली उतरवाव्या लागतात. सुताराला ओसरीच्या बाजूने एक लहान दार करायला सांगितले आहे. या वेळी फट ठेवू का, असे त्याने स्वतःहून विचारले.